हिरामणचा खांदा आणि मैनेचा गूळ

उन्हाळ्यात सकाळची गाडी आली की नेरळ स्टेशनाबाहेर चिंचेखाली साठ-सत्तर खुर्चीवाले उभे राहत, आणि त्यांतून हिरामणला कुणीही लांबून ओळखी. त्याच्या उजव्या खांद्यावर कवठाएवढा घट्टा होता. अंगात बंडी घातली तरी तेवढ्या जागी ती वर आलेली दिसायची. माथेरान चढायचं तर तेव्हा घोडा, पालखी, नाहीतर खुर्ची. खुर्ची म्हणजे खरोखरची वेताची खुर्ची, दोन्ही अंगांना लांब दांडे बांधलेले, आणि ते दांडे गड्यांच्या खांद्यावर. पाहुणा हलका असला तर चार गडी, भारी असला तर सहा, आणि फारच ऐसपैस असला तर आठ. आता हलका कोण आणि भारी कोण, हे ठरवायचं काम हिरामणचं.

पाहुणा खुर्चीत नीट बसला की हिरामण पुढे यायचा, एका दांड्याखाली उजवा खांदा द्यायचा, दांडा चार बोटं वर उचलायचा आणि खाली ठेवायचा. मग म्हणायचा, "चार." किंवा म्हणायचा, "सहा." बस्स. त्यावर मुकादमसुद्धा बोलत नसे. एकदा असं झालं की एक काटकुळा साहेब वरून खाली उतरायला निघाला. अंगात मांस असं नाहीच, हाडांवर कोट घातलेला. हिरामणने दांडा उचलला आणि म्हणाला, सहा. सगळे हसले. साहेब तापला, मी काय हत्ती वाटलो काय, असं कायसं बोलला. हिरामणने आकडा बदलला नाही. शेवटी मुकादमाने साहेबाच्या कोटाकडे पाहिलं, तर खिसे लोंबत होते. साहेब महिनाभर हातोडी घेऊन डोंगराचे दगड फोडत हिंडला होता आणि त्यातले आवडते दगड त्याने खिशांत, पिशवीत, पायांखालच्या पेटीत, जिथे मावतील तिथे भरले होते. सहा गडी लागले. खालपर्यंत साहेब एकेक दगड काढून हिरामणला दाखवत आला आणि हिरामणही छान छान म्हणत आला.

तर असा तो खांदा. बाकी हिरामण साधा माणूस. नेरळपासून कोसभरावर घर, भाताचा एक तुकडा, पावसाळ्यात शेती आणि उन्हाळा-दिवाळीत खुर्ची. बायको बायजा, माहेरची लोधिवलीची. त्यांना चार मुलं झाली आणि चारही गेली. कुणी सहा महिन्यांचं, कुणी दीड वर्षाचं. पाचवी मैना. भोर घाटातून आगगाडी वर पुण्याला चढली, त्याच्या पुढल्या वर्षी ती झाली. ती पोटात असतानाच बायजाने माहेरच्या टेकाडावरच्या देवीआईला नवस बोलला होता. हे मूल जगू दे, दर चैत्री पुनवेला त्याच्या वजनाचा गूळ वाटीन. नदीत न्हाऊ घालून, बापाच्या खांद्यावर बसवून आणीन. नदीपासून पारड्यापर्यंत त्याचा पाय भुईला लावणार नाही. मुलगा झाला तर बारा वर्षं, आणि मुलगी झाली तर ती सासरी जाईस्तोवर.

हिरामणला हे मागाहून कळलं. तो म्हणाला, खांद्याचं कबूल करायच्या आधी खांद्याला तरी विचारायचं. पण हे हसत म्हणाला.

पहिल्या वर्षी मैना दात येण्याच्या बेतात होती. चैत्रात पाताळगंगा काही धड वाहत नाही, जागोजागी डोह तेवढे उरतात. त्यातल्या एका डोहात बायजाने पोरीला बुचकळून काढलं, ती किंचाळली, हिरामणने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि टेकाडाची वाट धरली. अर्ध्या कोसाचीच वाट, पण सगळी चढाची. वर देवळापुढे आंब्याच्या फांदीला चौकच्या आबाजी वाण्याने आपला मोठा काटा टांगलेला असे. नवसाचे लोक रांगेत. हिरामणची पाळी आली आणि पोरीला पारड्यात ठेवता ठेवता तो सहज बोलून गेला, "चार भेल्या, आणि वर मूठभर."

आबाजीने गुळाच्या चार भेल्या ठेवल्या. काटा थोडा अडला. मूठभर खडे टाकले, आणि दांडी सरळ झाली.

लोक आ वासून राहिले. ज्याला त्याला वाटलं, योगायोग आहे. पुढल्या वर्षी हिरामण पाच म्हणाला आणि पाच निघाल्या. तिसऱ्या वर्षी सहाला दोन खडे कमी म्हणाला, तेही खरं. मग मात्र ती जत्रेतली एक मौजच होऊन बसली. हिरामण वर येताना दिसला की खेळणीवाले दुकान सोडून येत, देवळातला गुरव ओवरीवर येऊन उभा राही, आणि आबाजी वाणी, एरवी कुणाला खडा जास्त न देणारा, तोंडभर हसत म्हणे, "बोल, हिरामण, काय म्हणतो तुझा काटा?"

वर्षाला एक भेली. मैना तशी वाढतच होती, आखून दिल्यासारखी. हिरामणला त्याचा कोण अभिमान! लोकांना वाटायचं, आपला अंदाज बरोबर येतो म्हणून हा फुगतो. पण खरं सांगायचं तर तो फुगायचा ते भेली वाढली म्हणून. चार मुलं त्याने हातांत हलकी हलकी होत गेलेली पाहिली होती. ही एकच जड होत चालली होती.

बरं, जत्रा म्हणजे नुसता नवस नव्हे. वर्षातले तेवढे चार दिवस त्यांचं घर कुठेतरी बाहेर जायचं. पुनवेच्या दोन दिवस आधी निघायचं, कर्जतवरून चालत चालत, मैना अर्धी वाट चालत आणि अर्धी बापाच्या खांद्यावर, चौक गाठायचं आणि तिथून लोधिवलीला मामाकडे. मामा सदू, बायजाचा पाठचा भाऊ, जिभेचा फटकळ. तो दारातूनच ओरडायचा, "आले का गूळवाले!" मग बायजा दोन दिवस हातात काम घ्यायची नाही. मैना करवंदांसाठी रानात. हिरामण सदूच्या अंगणात पालथा पडून राहायचा आणि सदूची बायको त्याच्या घट्ट्यावर करंजेल चोळून द्यायची. तिचं म्हणणं, बैलाच्या खांद्यालासुद्धा एवढं लागत नाही.

सदू टोमणे मारायचा. पोरीसाठी एवढा गूळ? सोन्याची हाय काय? हिरामण म्हणायचा, सोन्याची असती तर भेल्या जास्त लागल्या असत्या.

हंगामात मात्र तो हा बडेजाव योग्य माणसापुढे करायचा. गिरगावचे एक शेट दर वैशाखात कुटुंबासकट माथेरानला येत, आणि त्यांना हिरामणच लागे. शेटना तीन मुलं. बंगल्याच्या दाराच्या चौकटीवर ते दर साली मुलांची उंची कोरून ठेवत. खुर्चीत बसल्या बसल्या ते मागच्या गड्याशी बोलत, म्हणजे हिरामणशी. आमचा थोरला यंदा चार बोटं वाढला. हिरामण खालून म्हणे, आमची एक भेली वाढली. शेटना आधी कळेना, मग सगळी हकिकत ऐकल्यावर इतके हसले की खुर्ची हलली आणि पुढच्या दांड्याखालचा गडी गजा शिव्या देता देता थांबला. पुढल्या साली शेटनी स्टेशनातून बाहेर पडताच, सामान मोजायच्या आधी विचारलं, "काय रे, किती भेल्या?" हिरामणने सांगितलं, नऊ. शेट म्हणाले, वा, आमची धाकटी पाच बोटं. दोघे बाप बरोबरीने खूश.

मग एका साली शेट एकटेच आले. मुलांबद्दल म्हणाले, मोठी झाली आता, डोंगरावर कंटाळतात. तेव्हा हिरामणला फारसं काही वाटलं नाही. मागे उभा राहून त्याने दांडा उचलला आणि त्याला शेट आधीपेक्षा जड वाटले.

ते मैनेचं नववं वर्ष होतं, आणि त्याच चैत्रात ते घडून गेलेलं होतं.

घडलं असं. मैना नऊची झाली होती, म्हणजे वर्षाला एक या हिशोबाने बारा भेल्या. पण नदीतून तिला खांद्यावर घेऊन चढताना हिरामणला ती फारच भारी वाटली. अर्ध्या वाटेवर त्याला दम लागला. तो मनात म्हणाला, पोर यंदा चांगलीच अंग धरून आली. त्याचं मन भरून आलं. वर पोचल्यावर आबाजीने नेहमीसारखं विचारलं, आणि हिरामण पारड्यापुढे छाती काढून म्हणाला, "चौदा!"

लोकांत कुजबूज झाली. बायजाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं, कारण पोरीची चोळी तिने शिवली होती आणि तिला माप ठाऊक होतं. आबाजीने चौदा ठेवल्या. पारडं धाडकन खाली बसलं आणि मैना वर उचलली गेली. एक काढली, तरी ती वरच. दुसरी काढली, तेव्हा दांडी सरळ झाली. बरोबर बारा.

सदू गर्दीत होता. तो म्हणाला, "दाजी, दोन भेल्या वाटंत खाल्ल्या काय?"

जत्रा हसली. हिरामणही हसला. मग म्हणाला, काटा बिघडलाय. आबाजीला ते झोंबलं, त्याने आपली वजनं काढून सगळ्यांसमोर काटा तोलून दाखवला. काटा चोख होता. हिरामणने गूळ वाटला, पोरीला कडेवर घेतलं आणि लोधिवलीची वाट धरली. बायजा मागून चालत होती. ती एवढंच म्हणाली की पोर आहे तेवढीच आहे, देवीची कृपा. तो पोरीला सावरत पुढे चालत राहिला.

त्या हंगामात चिंचेखाली हिरामण चारच्या जागी सहा म्हणू लागला. पहिले काही दिवस खुर्चीवाल्यांना बरं वाटलं, दोन गड्यांना जास्त काम. मग पाहुणे कुरकुरू लागले. एका अगदी बारक्या म्हातारीला हिरामणने सहा सांगितले तेव्हा मुकादमाने स्वतः दांडा उचलून पाहिला आणि काही न बोलता चार गडी लावले. दुसऱ्या दिवसापासून अंदाज सांगायचं काम त्याने गजाला दिलं. गजा हिरामणचा जोडीदार, बारा वर्षं एकाच खुर्चीचा. तो अवघडून आला आणि म्हणाला, मला नको रं, पण मुकादम ऐकत नाय. हिरामण म्हणाला, "घे की. कुणीतरी घ्यायलाच पायजे."

बोलला तेही असं की जणू कोणी पाण्याचा तांब्या मागितला असावा. गजाला त्याचं वाईट वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

खांदा दुखत असता तर हिरामण बोलला असता. तो दुखत नव्हता, तीच तर गोष्ट होती. आधी घट्ट्याखाली मुंग्या आल्यासारखं होई. मग मुंग्या गेल्या आणि काहीच उरलं नाही. हळूहळू ते खाली दंडात उतरलं, तिथून कोपरात. भाकरी तोडताना बोटं भाकरीवर आहेत की नाहीत ते त्याला डोळ्यांनी बघावं लागे. बायजाने एकदा चुलीपुढे त्याच्या मनगटावर निखारा उडालेला पाहिला, आणि तो निवांत बसलेला. तिने झटकला. तो म्हणाला, अगं, हो की.

आणि नवल असं की हाताबरोबर बाकीचंही तसंच होत चाललं. भात चांगला आला, त्याला काही वाटलं नाही. मैनेचं लग्न ठरलं, खालापुराकडचं चांगलं घर, मुलगा शेतावर राबणारा. सोयरे सुपारी फोडून गेले तेव्हा तो ओटीवर बसून रस्त्याकडे बघत होता. बायजाने विचारलं, तुमाला पसंत हाय ना? तो म्हणाला, हाय. तिने पुन्हा विचारलं नाही.

दहाव्या वर्षाची जत्रा कशीबशी पार पडली. हिरामणने पोरीला डाव्या खांद्यावर घेतलं. पण डावा खांदा असा तयार झालेला नव्हता, आणि वाटेत झाडाला टेकत टेकत तो वर पोचला तेव्हा अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. आबाजीने विचारलं तेव्हा म्हणाला, देवीपुढं माणसानं बढाई करू नये. लोकांना वाटलं, मागल्या वर्षाने शहाणा झाला. तेरा निघाल्या.

त्या दिवाळीच्या हंगामात एका वळणावर दांडा त्याच्या खांद्यावरून घसरला. त्याला कळलंच नाही. तो तसाच दोन पावलं चालत राहिला, रिकामा, आणि खुर्चीचा एक कोपरा खाली गेला. पाहुण्याला काही झालं नाही, गजाने पाय रोवून तोल धरला. पण त्या दिवसानंतर मुकादमाने हिरामणला खुर्चीला लावलं नाही. पाहुण्यांच्या पेट्या, वळकट्या घेऊन तो खेचरांमागून चढू लागला.

बायजाला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगायचं काय, हाच प्रश्न. फाल्गुनात लग्न झालं. वैशाखात मैना सासरी जायची होती. मधे चैत्री पूनव, शेवटची. बायजाच्या मनात आता दुसरं काही नव्हतं. दहा वर्षं पाय भुईला लागला नाही, एवढी एक खेप सुखरूप झाली की पोर देवीच्या ऋणातून मोकळी. आणि झाली नाही तर? ते ती मोठ्याने म्हणत नसे. पण नवस उतरता उतरता तुटला तर काय होतं, याच्या गोष्टी तिने लहानपणापासून ऐकल्या होत्या, आणि पहिल्या चौघांचे चेहरे तिला अजून दिसत.

शेवटची खेप म्हणून यंदा गजाही बायको घेऊन आला. सदूने अंगणात मांडव घातला. फणसाची भाजी झाली, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या. सगळे हसत होते, मैना नव्या बांगड्या वाजवत इकडून तिकडे फिरत होती. हिरामण जेवला. काय जेवला ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पुनवेच्या सकाळी नदीवर गर्दी होती. मैनेने डोहात बुडी मारली, नेसल्या लुगड्यानिशी बाहेर आली. हिरामण घोटाभर पाण्यात वाकून बसला. डाव्या खांद्यावर घ्यायची म्हणून वाकला, पण मैना आता अकराची, लुगड्यातली, एका खांद्यावर मावेना. तिने दोन्ही बाजूंना पाय टाकले आणि त्याचं डोकं धरलं. तो उठला. पाय अजून डोंगरातले होते, त्यांनी दगा दिला नाही. डाव्या हाताने त्याने तिचा एक पाय धरला, उजव्याने दुसरा, आणि चालायला लागला.

पाच-सहा पावलं गेला असेल. मैना वाकून त्याच्या कानात हळूच म्हणाली, "बा, तुमचा हात सुटलाय."

त्याने खाली पाहिलं. उजवा हात कडेला लोंबत होता. त्याने तो उचलून पुन्हा तिच्या पायावर ठेवला आणि एक पाऊल टाकलं.

"पुन्यांदा सुटला, बा."

हिरामण थांबला. अजून पाण्यातच होता. बायजा काठावर ओटीचं ताट घेऊन उभी होती, तिने विचारलं, काय झालं? तो तिच्याकडे बघत राहिला. दोन वर्षं जे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं ते तो आता बोलला, आणि तेही पावसापाण्याचं बोलावं तसं.

"बायजे, मला ही कळत नाय. ह्या उजव्या खांद्यावर पोर हाय का नाय, ते बी कळत नाय. वर गेलो तर वाटंत पाडीन हिला."

बायजाने ताट खाली ठेवलं.  सदूच्या ओठावर काही आलं होतं, ते त्याने गिळलं. गजा आधीच पाण्यात उतरला होता, त्याने मागून पोरीला आधार दिला. एक मोठा काळा खडक डोहाच्या कडेला पाण्यातून वर आलेला होता. गजा म्हणाला, हितं ठेवू घटकाभर. बायजा ओरडली, भुई लागंल! तिथून मग एक वादच उभा राहिला. कुणी म्हणे, खडक ही भुईच. कुणी म्हणे, पाण्यातला खडक तो नदीचा, भुईचा कसा? एक म्हातारा म्हणाला, असं असेल तर पावसाळ्यात आमचं सगळं शेत नदीचं. मैना तोवर बापाच्या मानेवर गप्प बसलेली, तिचं लुगडं ठिबकतंय, आणि हिरामण खांबासारखा उभा. शेवटी कुणीतरी वर धावत जाऊन गुरवाला घेऊन आलं.

गुरव म्हातारा होता आणि चढउतार करायला लागल्याने चिडलेला होता. त्याने खडक पाहिला, पाणी पाहिलं. मग बायजाला विचारलं, तू नेमकं काय बोलली होतीस? तिने शब्दन् शब्द सांगितला. गुरव म्हणाला, "नदीपासून म्हनली ना? मग नदीत असंल तवर नवस सुरूच झाला नाय. ठेव तिला खडकावर."

मैनेला खडकावर बसवलं. तिने पाय पोटाशी घेतले, उगाच लागायला नकोत म्हणून.

आता पुढे काय? सदू म्हणाला, मी नेतो, मामा हाय. बायजा म्हणाली, बापाचा खांदा म्हटलंय.  गजा काठावर गेला आणि सदूच्या बैलगाडीतून कळकाचा एक लांब बांबू आणि दोर घेऊन आला. गूळ ठेवायला आणलेला लाकडी पाट होता, तो त्याने चारी कोपऱ्यांना दोर बांधून कळकाला टांगला, पाळण्यासारखा. खुर्चीवालाच तो, गाठी मारायला त्याला वेळ लागला नाही. म्हणाला, पुढं मी, मागं हिरामण. बापाचा खांदा कळकाखाली हाय की नाय, मंग?

सगळ्यांनी गुरवाकडे पाहिलं. गुरव म्हणाला, "खांदा बापाचा पायजे, तो हाय. सोबत आनखी कोन हाय ते आई बघत नाय."

मैना खडकावरून पाटावर बसली. दोघांनी कळक खांद्यावर घेतला, गजाने पुढे, हिरामणने मागे, उजव्या, त्या घट्ट्यावरच. गजा हळू आवाजात पावलं मोजत निघाला, घाटात मोजतात तशी, आणि हिरामणची पावलं त्यात आपोआप पडत गेली. बायजा बाजूने चालत होती, नजर पोरीच्या पायांवर.

हिरामणला खांद्यावर काहीच जाणवत नव्हतं. कळक तिथे आहे हे तो डाव्या हाताने चाचपून पाहत होता. पण इतकी वर्षं खुर्ची उचललेला माणूस, त्याचे डोळे शाबूत होते. पाटाचे दोर मधोमध नव्हते. ते पुढे सरकवलेले होते, गजाच्या मानेपासून दोन हातांवर. मैनेचा सगळा भार गजावर होता. गजाची मान तांबडी झाली होती आणि पाठीवरून घाम ओघळत होता.

थोडं चढून गेल्यावर हिरामण म्हणाला, "गजा, दोर मधी घे."

"मधीच हाय," गजा मागे न बघता म्हणाला.

"मला दिसतंय."

"मंग डोळं मीट," गजा म्हणाला. "दम बोलन्यात घालवू नको."

 चढ संपला. देवळापुढे लोक उभे होते, आंब्याला आबाजीचा काटा टांगलेला. नदीवरची बातमी वर पोचलेली होती, त्यामुळे कुणी हसत नव्हतं. पाट पारड्याशी भिडवला, मैना पाटावरून पारड्यात सरकली. पाय कुठेही लागला नाही. बायजा तिथेच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.

आबाजीने भेल्या हातात घेतल्या, पण ठेवीना. सवयीने तो हिरामणकडे बघत राहिला. मग सगळेच बघायला लागले. हिरामणने पोरीकडे पाहिलं. पारड्याच्या साखळ्या धरून ती बसली होती, ओल्या केसांची, आणि तीही वाट बघत होती. हिशोबाने आकडा कुणालाही सांगता आला असता, अगदी मैनेलाही. त्याने तो सांगितला असता तर चाललं असतं, आणि जत्रेला बरंच वाटलं असतं.

"मला ठाव नाय," हिरामण म्हणाला. "गजाला इचारा. यंदा त्यानं आनली हिला."

गजा कपाळ पुसत होता. तो म्हणाला, मी कशाला सांगू, मी आपला पुढं हुतो.

आबाजीने मग विचारणं सोडून दिलं आणि भेल्या ठेवायला सुरुवात केली. चौदा झाल्या तरी दांडी सरळ होईना. पंधरावी ठेवली, तेव्हा झाली. लुगडं ओलं होतं म्हणा, किंवा लग्नाआधी बायजाने पोरीला तूपभात खाऊ घातला होता म्हणा, पण पंधरा. लोकांनी देवीच्या नावाचा गजर केला. सदू सगळ्यांत मोठ्याने ओरडला. गुरवाने अंगारा लावला आणि मैनेला म्हणाला, उतर गं पोरी, आता तुझी तू.

मैना पारड्यातून उतरली आणि भुईवर उभी राहिली. क्षणभर तिला काय करावं सुचेना, कारण दर साली पारड्यातून तिला कुणीतरी थेट कडेवर घेई, इथे ती कधी उभी राहिलेलीच नव्हती. गूळ वाटायला घेतला. हिरामणच्या डाव्या हातावर कुणीतरी खडा ठेवला, त्याने तो तोंडात टाकला आणि चघळत राहिला. माणसं येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवत होती, म्हणत होती, झालं हो, फिटलं सगळं. तो मान हलवत होता. आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं, आणि तो कुठून येतो ते तो वाट बघितल्यासारखा बघत होता.

उन्हं चढली तशी मंडळी खाली निघाली. पुढे सदू आणि आबाजी वाणी, मधे बायका, त्यांच्यात गजा रिकामा पाट डोक्यावर घेऊन. बायजा मागे वळून वळून पाहत होती. हिरामण सगळ्यांच्या मागे, आपला सावकाश. वाट दगडांची होती म्हणून तो खाली बघत उतरत होता. बघता बघता त्याची नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली. मैनेने तो धरलेला होता. नव्या बांगड्या त्याच्या मनगटाला लागत होत्या. कधीपासून धरला होता, देवळापासून की आत्ताच, ते त्याला कळायला काही मार्ग नव्हता. तो तिच्याकडे न बघता हाताकडेच बघत, ठेच लागणार नाही अशा बेताने, उतरत राहिला.